चूक त्यांची, पिशवी आपली

दिवाळी आठवड्यावर आली होती. २०२५ची दिवाळी. रविवारचा दिवस, नोकरदारांच्या हातात नुकताच पगार आणि बोनस आलेला, त्यामुळे आमच्या गावातल्या मार्टमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आमचं गाव तालुक्याचं. इथे असं दुकान आलं तेव्हा 'आता आपणही पुण्या-मुंबईसारखं ट्रॉली ढकलत सामान घेणार' याचं आम्हा बायकांना केवढं अप्रूप! ते आता ओसरलंय, पण सणासुदीला सगळ्यांची पावलं तिकडेच वळतात. माझीही वळली.

यादी करूनच गेले होते. चणाडाळ, पातळ पोहे, रवा, पिठीसाखर, तूप, तेलाच्या पिशव्या आणि काजूकतलीसाठी अर्धा किलो काजू. काजू सुटेच घेतले, पाकिटातले महाग पडतात. तिथल्या मुलीने वजन केलं, पिशवीला किमतीचं स्टिकर लावलं. मी पिशवी ट्रॉलीत टाकली, रांगेत उभी राहिले, पैसे दिले आणि रिक्षाने घरी आले.

आमच्या घरी सामान आलं की ते लगेच डब्यात जात नाही. सासूबाईंची शिस्त आहे. शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं, पण हिशोब तोंडी. मी बिल वाचायचं आणि त्यांनी एकेक जिन्नस उचलून बाजूला ठेवायचा. त्या दिवशी मी वाचत गेले आणि एके ठिकाणी वाचलं, "शेंगदाणे, अर्धा किलो, सत्तर रुपये."

सासूबाई म्हणाल्या, "शेंगदाणे कुठे आणलेस तू?"

शेंगदाणे नव्हतेच. होते ते काजू. पिशवीवरच्या स्टिकरवरही 'शेंगदाणे'च छापलेलं. काजूचा भाव ९६० रुपये किलो, म्हणजे अर्ध्या किलोचे ४८० व्हायला हवे होते. मला काजू शेंगदाण्याच्या भावात मिळाले होते! ४१० रुपयांचा फायदा.

आमचे हे पेपर वाचत बसले होते, हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, एवढी मोठी कंपनी. त्यांना काय फरक पडतोय? यंदाची ओवाळणी तिकडून आली समज." मुलाने तर "आई, परत जा आणि अजून दोन किलो घेऊन ये," असा सल्ला दिला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जाशील तेव्हा सांग हो त्यांना."

"उद्या जाते," मी म्हटलं. आणि गेले नाही.

मैत्रिणींनो, आज हे लिहायला बसलेय ते त्या न जाण्याबद्दलच. कारण मी कोण? बचत गट चालवणारी, दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाला बायकांपुढे उभी राहून भाषण करणारी! १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा त्या तारखेला मंजूर झाला, पुढे २०१९चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला, छापील किमतीपेक्षा, म्हणजे एमआरपीपेक्षा, एक पैसाही जास्त देऊ नका, तक्रार असेल तर १९१५ या नंबरवर फोन करा... हे सगळं मला पाठ आहे. पण बिल आपल्या बाजूने चुकलं तर काय करायचं, हे मी त्या भाषणात कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

माझ्याजवळ कारणं भरपूर होती. फराळाची घाई. मार्ट लांब, रिक्षाला जायचे तीस, यायचे तीस. आणि तिथे सांगायचं तरी कुणाला? पूर्वीसारखा गल्ल्यावर बसलेला माणूस कुठे असतो?

खरं तर कारण म्हणून हे एकही टिकत नाही. त्याच्या आधीच्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला होता. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांच्यावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर मी साबणाचा जोड घेतला तर बिलात जुनीच किंमत लागलेली. सहा रुपये जास्त. संध्याकाळचा स्वयंपाक टाकून मी त्याच मार्टमध्ये गेले होते. साठ रुपये रिक्षाला घातले, सहा रुपये भांडून आणले आणि पुढच्या मीटिंगमध्ये 'ग्राहकाने जागं राहिलं पाहिजे' म्हणून तो किस्सा रंगवून सांगितला! तेव्हा मार्ट लांब वाटलं नव्हतं. सहा रुपयांसाठी जाणारे माझे पाय ४१० रुपयांसाठी जड झाले, ते पैसे द्यायचे होते म्हणून.

त्या दिवसांत मला सारखं माझ्या माहेरच्या वाण्याचं दुकान आठवत होतं. मी तिसरी-चौथीत असेन. आईने साखर आणायला पाठवलं आणि परत आलेल्या सुट्ट्या पैशांत पाचाच्या ऐवजी दहाची नोट आली. आईने मोजलं आणि उन्हात तशीच मागे पाठवली. चप्पल घालायचं विसरले होते, पाय भाजत होते. मला वाटलं, दुकानदार शाबासकी देतील, निदान एक लिमलेटची गोळी तरी देतील. त्यांनी दहाची नोट गल्ल्यात टाकली, पाचाची दिली आणि म्हणाले, "आईला सांग, गूळ नवा आलाय." बस! शाबासकी नाही की काही नाही. चुकून आलेले पैसे परत येणार हे त्यांनी धरलेलंच होतं. उद्या मापात कमी आलं तर आई त्यांच्याकडे जाणार, हेही त्यांना माहीत होतं. वही एकच होती, त्यात दोघांचंही लिहिलं जायचं.

मार्टमध्ये तशी वही नाही. समोर बसलेली मुलगी दर महिन्याला बदलते. मालक कोण, तो कुठे राहतो, आपल्याला माहीत नसतं. नुकसान 'कंपनी'चं होतं आणि कंपनीला चेहरा नसतो, असं मी स्वतःला समजावलं. काजूकतली झाली, छानच झाली, आल्या-गेल्यांनी खाल्ली आणि संपलीही.

नोव्हेंबरच्या १० तारखेला आमच्या बचत गटाची मीटिंग होती. गटात एक मैत्रीण आहे, तिचं नाव इथे लिहीत नाही. चार घरी स्वयंपाक करते, नवरा नाही, मुलगी बारावी होऊन नोकरीला लागलेली. शिलाई मशीनसाठी तिने गटातून कर्ज घेतलंय आणि हप्ता कधी चुकवत नाही. त्या दिवशी मात्र ती हप्त्यात सातशे रुपये कमी घेऊन आली. म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात भरते. पोरीचा पगार कापून आलाय."

"का गं? सुट्ट्या झाल्या का?"

"नाही हो. मालात तूट आली म्हणून."

तिची मुलगी त्याच मार्टमध्ये आहे. सुट्या मालाच्या विभागात, डाळी आणि सुकामेवा असतो तिथे.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलींचा हिशोब रोज रात्री होतो. कुणाला चुकून सुटे पैसे जास्त दिले गेले तर रोकड त्याच रात्री कमी भरते आणि ती त्या मुलीने भरून द्यायची. बिलच चुकीचं झालं तर गोष्ट वेगळी. तेव्हा रोकड बिलाशी बरोबर जुळते, कुणाला पत्ताही लागत नाही. ते कळतं महिनाअखेरीला, माल मोजतात तेव्हा. कॉम्प्युटर म्हणतो काजू इतके असायला हवेत, डब्यात असतात त्याहून कमी. ती तूट मग त्या विभागातल्या मुलींवर वाटून टाकतात. दिवाळीच्या महिन्यात सुकामेव्याची तूट २१०० रुपये निघाली. मुली तीन. प्रत्येकीचे ७०० गेले.

माझ्या हातात गटाचं रजिस्टर होतं. मी मान खाली घालून तिच्या नावापुढे रक्कम लिहिली. २१०० मधले ४१० माझ्या घरात फराळाच्या ताटात संपले होते, हे मला तिथे चारचौघींत बोलता आलं नाही.

सगळ्याच दुकानांत असं कापतात असं मी म्हणणार नाही. काही दुकानं तूट धंद्याचा खर्च म्हणून सोडून देतात. आणि कापणं सरसकट कायद्याला धरून आहे असंही नाही. कामगाराच्या चुकीने किंवा हयगयीने नुकसान झालं तरच कापता येतं आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. १९३६च्या पगाराच्या जुन्या कायद्यात हे होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. पण अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी मॅनेजरसमोर कुठला कायदा काढणार? तिला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.

रात्री सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला दिवाळीतच म्हटलं होतं." त्यांनी आणखी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल घेऊन मार्टमध्ये गेले. बिलाची छपाई फिकी व्हायला लागली होती, पण 'शेंगदाणे ७०' वाचता येत होतं. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता. मी सगळं सांगितलं तर आधी त्याला कळेचना. "मॅडम, म्हणजे तुम्हाला पैसे परत हवेत का?" नको बाबा, द्यायचेत! तो म्हणाला, जास्त घेतलेले पैसे परत करायची सोय कॉम्प्युटरमध्ये आहे, मागच्या महिन्याचं कमी झालेलं बिल दुरुस्त करायची नाही. शेवटी त्यानेच वाट काढली. अर्धा किलो काजूचं नवं बिल केलं आणि अर्धा किलो शेंगदाणे परत आल्याचं दाखवलं. ४१० रुपये मी भरले. आता काजूचा हिशोब जुळला, मग मुलींचे कापलेले पैसे परत मिळतील ना, असं विचारलं. "वरती कळवतो," म्हणाला. कायद्याचं बोलले, तेव्हा त्याचा आवाज जरा बदलला.

इथे गोष्ट संपली असती तर मी समाधानाने घरी जाऊन चहा करून घेतला असता. चार दिवसांनी ती मैत्रीण घरी आली. बसलीच नाही, दारातूनच म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला गेलात हो? आता तिला तिथे विचारतायत, त्या बाई तुझ्या ओळखीच्या का? आईच्या गटातल्या का? म्हणून काजू शेंगदाण्यात मारले का?"

मी गारच पडले. माझ्या मनात हे आलंच नव्हतं. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मुद्दाम स्वस्त बिल करून द्यायचं, असे प्रकार दुकानांत होतात आणि मॅनेजरांना तो संशय असतोच. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी मी गेले असते तर ती साधी चूक ठरली असती. महिन्याने, पगार कापल्यानंतर, त्या मुलींचीच बाजू घेत गेले म्हणून तिला उत्तरं द्यावी लागली. त्या दिवशी माझी पिशवी वजन करणारी मुलगी ती नव्हतीच, दुसरी कुणीतरी होती. मी परत गेले, मॅनेजरला तसं लिहूनही दिलं. प्रकरण मिटलं. पण त्या मधल्या चार दिवसांत पोर जेवली नव्हती नीट, असं तिची आई नंतर म्हणाली.

चूक होते कशी, हेही मी मुलीकडून समजून घेतलं. सुट्या मालाच्या वजनकाट्यावर प्रत्येक जिनसाला नंबर असतो. त्यांच्याकडे काजूचा १२ आणि शेंगदाण्याचा २१. सकाळपासून उभी असलेली मुलगी संध्याकाळी सातच्या गर्दीत १२ ऐवजी २१ दाबते, झालं! पाकिटातल्या मालाची तऱ्हा निराळी. आपल्याला वाटतं पाकिटावरच्या त्या काळ्या रेघांत किंमत असते. नसते. तिथे फक्त वस्तूचा नंबर असतो, तेरा आकडी, आपल्याकडच्या बहुतेक वस्तूंचा ८९० ने सुरू होणारा. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेली असते आणि ती माणसाने भरलेली असते. जुना आणि नवा माल वेगवेगळ्या किमतीचा पण नंबर एकच, असं झालं की स्क्रीनवर दोन्ही किमती येतात आणि पाकीट उलटंसुलटं करून खरी कोणती ते मुलीला निवडावं लागतं. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात साबण, टूथपेस्टच्या बाबतीत हेच चाललं होतं. मी ज्या सहा रुपयांसाठी भांडले, ते यातलेच.

त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला मी नेहमीचं भाषण बाजूला ठेवलं आणि ही काजूची गोष्ट सांगितली. अपेक्षा नव्हती इतकी चर्चा झाली. म्हणजे भांडणच म्हणा ना!

एक जण उसळून म्हणाली, "ते काय कमी लुबाडतात का? दोन रुपये सुटे नाहीत म्हणून चॉकलेट हातात टेकवतात. वर्षाची किती चॉकलेटं झाली ती धरा आणि तुमच्या काजूतून वळती करा." हशा पिकला. पण तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट घ्यायला आपण बांधील नाही आणि तिथल्या तिथे 'नको, पैसे द्या' म्हणायलाच हवं. मात्र चॉकलेटचा फायदा मालकाच्या खिशात जातो आणि काजूची तूट निघते पोरीच्या पगारातून. वळतं करायचं तर ज्याने घेतलं त्याच्याकडून करावं ना?

दुसरीने विचारलं, "दुकानानेच कमी भाव लावला असेल तर?" तो प्रश्न चांगला होता. एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, दुकानदार त्याहून कमीला खुशाल विकू शकतो. 'एकावर एक फ्री' असो, नाही तर मुदत संपत आली म्हणून अर्ध्या किमतीत असो, ती त्याची मर्जी, तिथे आपण अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण दोन डबे घेतले आणि बिलात एकच लागला, पाचशेची नोट दिली आणि परत पैसे हजारातून आल्यासारखे आले, काजूचे शेंगदाणे झाले, ही मर्जी नाही. हे आपल्याला बघताक्षणी कळतं. आणि कळलं नाही असं दाखवायला आपल्याला थोडी मेहनत घ्यावी लागते. मी घेतली होती, म्हणून सांगते.

तिथे एक वकीलबाई होत्या. त्यांनी सांगितलं, १८७२च्या करार कायद्यात ७२वं कलम आहे. चुकून मिळालेला पैसा किंवा वस्तू ज्याला मिळाली, त्याने ती परत केली पाहिजे. म्हणजे हा नुसता मनाचा मोठेपणा नाही, कायदाही तेच म्हणतो. ऐकून सगळ्या क्षणभर गप्प झाल्या.

मग मोबाईलवरून पैसे देण्याचा विषय निघाला. एकीने चहा पावडर आणि बिस्किटांचे २५० रुपये द्यायचे तर २५ पाठवले, शून्य राहिलं. दुकानातल्या त्या डबीने "पंचवीस रुपये प्राप्त झाले" असं सांगितलंही, पण बाहेर लग्नाची वरात चालली होती, कुणाला ऐकू आलं नाही. हिला रात्री कळलं. सकाळी जाऊन २२५ देऊन आली. टपरीवजा दुकान, दिवसाची कमाईच किती! "तिथे मला विचार करावाच लागला नाही," ती म्हणाली. "मार्टचं असतं तर गेले असते की नाही, खरंच सांगता येत नाही."

तिचं हे वाक्य माझ्या मनात राहिलं. ओळखीच्या माणसाचं नुकसान आपल्याला सहन होत नाही. माझी भाची पुण्याला मानसशास्त्र शिकते. तिने मला एका मोठ्या पाहणीबद्दल सांगितलं. ती २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधकांनी चाळीस देशांत, त्यात आपलाही देश होता, हरवलेली म्हणून सतरा हजारांवर पाकिटं बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेलं अशा ठिकाणी नेऊन दिली आणि परत किती येतात ते पाहिलं. सगळ्यांचा अंदाज असा की पैसे असलेली पाकिटं लोक ठेवून घेतील. झालं उलटं! पैसे असलेली पाकिटं रिकाम्यांपेक्षा जास्त परत आली. त्या पाकिटांत मालकाच्या नावाचं कार्ड होतं, एक किल्ली होती, वाणसामानाची यादी होती. मला वाटतं, त्या यादीमुळे पाकिटाला माणूस चिकटला असेल. हा आपला माझा अंदाज, संशोधकांचा नव्हे. मार्टच्या बिलावर मात्र असलं काही दिसत नाही. खाली गल्ल्यावरच्या मुलीचा नुसता नंबर असतो.

आता एक आडून सांगते. त्या चर्चेत सगळ्या जणी मार्टबद्दल बोलल्या, भाजीवालीबद्दल कुणी नाही. आपल्याकडच्या भाजीवाल्या मावश्या बोटांवर हिशोब करतात. दोन मेथीच्या जुड्या, पाव किलो भेंडी, आलं... एखादी जुडी धरायची राहते. शिवाय आपण वर मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या हक्काने उचलतोच. त्या बिचारीकडे ना कॉम्प्युटर ना महिनाअखेरची मोजणी. तिची तूट तिच्या घरच्या चुलीपाशीच निघते. मी पूर्वी तिच्याकडे 'आणखी थोडी घाल गं' करायचे. आता मीच मोठ्याने हिशोब करते, ती मान डोलावते. परवा माझाच हिशोब चुकला तर म्हणाली, "बाई, तुम्ही नका करू, तुम्ही जास्तच देताय!"

भावासाठी बायकांनी रस्त्यावर यायची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी पक्ष बाजूला ठेवून मुंबईत महागाई प्रतिकार समिती उभी केली. हजारो गृहिणी लाटणी घेऊन मोर्चात उतरल्या. आई सांगायची, आमच्या गावातही तेव्हा लाटणं मोर्चाच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या बायकांची मागणी फुकट द्या अशी नव्हती, रास्त भावात द्या अशी होती. मी माझ्या भाषणात हा मोर्चा नेहमी सांगते. सहा रुपयांच्या साबणाच्या वेळी तर मी मनातल्या मनात लाटणं घेऊनच गेले होते. काजूच्या वेळी रास्त भाव ४८० होता, आणि तो मला एक महिना आठवला नाही.

सध्या मी काय करते? फार काही नाही. बिल घरी येऊन वाचायच्या ऐवजी तिथेच, ट्रॉली दाराबाहेर जायच्या आत वाचते. मागे रांगेतली माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत. आत्तापर्यंत दोनदा चूक सापडली. एकदा माझ्या विरुद्ध, अकरा रुपये, आणि एकदा माझ्या बाजूने, फरशी पुसायच्या औषधाची दुसरी बाटली लागलीच नव्हती. दोन्ही वेळा गल्ल्यावरच्या मुलीने अर्ध्या मिनिटात दुरुस्त केलं. बाटलीच्या वेळी ती माझ्याकडे बघतच राहिली, मग हळूच म्हणाली, "थँक्यू काकू," आणि इकडेतिकडे बघून घाईने पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

मैत्रिणीच्या मुलीचे ७०० रुपये मात्र परत आलेले नाहीत. 'वरती कळवलंय' हेच उत्तर आहे. माझे ४१० मी भरले त्याची पावती जोडून तिघींच्या सहीचा अर्ज आम्ही दिलाय, त्याची पोच घेतलीय. पुढे कामगार अधिकाऱ्यांकडे जायचं का, ते त्या तिघी ठरवतील. नोकरी त्यांची आहे, माझी नाही. मैत्रिणीने गटाचा राहिलेला हप्ता डिसेंबरात भरला. मी माझ्याकडून भरते म्हटलं होतं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विषय काढला नाही.

मुलगी अजून तिथेच आहे, त्याच काट्यावर. मी गेले की लांबूनच हसते. परवा संक्रांतीच्या सामानासाठी गेले होते, गुळपोळीला तीळ आणि शेंगदाणे हवे होते. तिने पिशवी काट्यावर ठेवली, नंबर दाबायच्या आधी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, शेंगदाणे हं! शेंगदाणेच आहेत ना?"